'ऑल मॅचिंग' लुगर आणि माझे 3,665 डॉलर

अमेरिकेत राहून जुन्या पिस्तुलांचा शौक करणारे आपल्यातले बरेच जण आता दिसतात, म्हणून हे मराठीत लिहितोय. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, त्यामुळे नाव विचारू नका.

मला तोफखान्याची लुगर (जुनं जर्मन पिस्तूल) हवी होती. साध्या लुगरची, म्हणजे पी-08 ची, नळी 100 मिलिमीटरची, हिची 200. नेम धरायची मागची साइट 800 मीटरपर्यंत आखलेली. 1913 मध्ये जर्मन सैन्याने घेतलेलं हे मॉडेल. एका ऑक्शन साइटवर दिसली: डीडब्ल्यूएम (बर्लिनचा कारखाना), चेंबरवर (गोळी बसते त्या भागावर) 1917 साल, 'ऑल मॅचिंग' (सगळ्या भागांवरचे नंबर जुळणारे), मागणी 3,850 डॉलर. विक्रेता गोड बोलणारा. आजोबांनी युद्धातून आणली, वगैरे. आजोबांची गोष्ट ऐकली की त्याच क्षणी किंमत निम्मी करावी, हे आता कळतंय.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. "साइटबाहेर व्यवहार करू, कमिशन कशाला भरायचं?" 3,600 वर सौदा पक्का झाला. 500 आगाऊ, 3,100 नंतर, कुरिअरचे 65. सगळे बँकेतून थेट त्याच्या खात्यात. कुणी हसण्याआधी सांगतो, या शौकात निम्मे व्यवहार असेच होतात. माझ्याकडे क्युरिओ अँड रेलिक (संग्रहातल्या जुन्या शस्त्रांचं) लायसन्स आहे, पन्नास वर्षांपेक्षा जुनं पिस्तूल दुसऱ्या राज्यातूनही थेट घरी मागवता येतं. कागदोपत्री सगळं चोख होतं. चोर समोरचा होता.

आता तो फोटो. आठवला की अजून डोकं फिरतं.

पहिल्या महायुद्धातल्या लुगरच्या नळीखाली पूर्ण सिरियल नंबर असतो, अक्षरासकट. शेजारी नळीचं आतलं माप, 8,82 किंवा 8,83 असं. आणि नळी जिथे रिसीव्हरला (नळी ज्यात बसते त्या मागच्या भागाला) भिडते तिथे एक बारीक उभी रेघ, अर्धी नळीवर, अर्धी रिसीव्हरवर. कारखान्यात नळी बसवल्यावर छिन्नीने मारलेली. नळी बदलली की ही रेघ जुळत नाही, किंवा असतच नाही. हे सगळं मला माहीत होतं! मी मुद्दाम तोच फोटो मागितला होता. आला तो असा: पिस्तूल उलटं धरलेलं, नंबर स्वच्छ दिसतोय, आणि बरोब्बर सांध्यावर त्याचा अंगठा. कुरतडलेलं नख, त्यात काळं तेल. परत मागितला तर म्हणाला, "उजेड गेला, उद्या पाठवतो." दुसऱ्या दिवशी म्हणाला, आणखी एक गिऱ्हाईक रोख घेऊन उभं आहे. मी 3,100 पाठवले. तुम्हीही पाठवले असते. नंबर दिसत होता ना! ज्याला नंबर दाखवायला लाज नाही तो रेघ कशाला लपवेल, असंच कुणालाही वाटलं असतं.

पिस्तूल आलं. ट्रिगर आणि सेफ्टीवरची पिवळसर सोनेरी झाक शंभर वर्षांच्या मानाने फारच तजेलदार होती. पॉलिश करून नवं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) चढवलेलं, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या झिजलेल्या. सांध्यावर रेघ नव्हती. नळीच नवी. 75 डॉलर देऊन एका जाणकाराला दाखवलं. त्याने साइड प्लेट (बाजूची छोटी झाकणपट्टी) काढून भिंगाखाली धरली आणि माझ्याकडे सरकवली. प्लेटवर '43', सिरियलचे शेवटचे दोन आकडे, लहान भागांवर असतात तसे. धातूवर जुन्या गंजाचे बारीक खड्डे, आणि चारची आडवी रेघ त्यातल्या एका खड्ड्यातून सरळ आरपार गेलेली, कडा कोऱ्या करकरीत. म्हणजे गंज आधी चढला, नंबर नंतर मारला. 1917 साली बर्लिनचे कारागीर गंजलेल्या लोखंडावर नंबर मारत होते की काय? त्याच्या मते नेमबाजीसाठी म्हणून फार तर 1,100 मिळतील. 'ऑल मॅचिंग' वाचलं की आधी विचारा: कारखान्यात मॅच झालेले, की गॅरेजमध्ये?

विक्रेत्याला कळवलं. तीन दिवसांत परत घेण्याचं त्याने लिहून दिलं होतं. आता म्हणे, "तुम्ही खोललंत, सबब परतीची अट रद्द." लुगरची साइड प्लेट काढायला हत्यारसुद्धा लागत नाही! त्यानंतर माझा फोन नंबर ब्लॉक. (खोलून बघण्याची परवानगी लेखी घ्या, पैसे देण्याआधी.)

मग सुरू झाली सरकारी वरात. स्थानिक पोलिसांच्या खिडकीवरच्या बाईंनी 'पिस्तूल' शब्द ऐकून आधी माझंच लायसन्स तपासलं, मग म्हणाल्या, हे दिवाणी प्रकरण. मी म्हटलं, बाई, बनावट नंबर मारलेत. त्या म्हणाल्या, पण वस्तू मिळाली ना? विक्रेत्याच्या गावच्या पोलिसांनी सांगितलं, तक्रार तुमच्या गावात करा. शस्त्रांचं बघणाऱ्या केंद्रीय खात्यातल्या साहेबांना एवढंच हवं होतं की मी पिस्तुलाची नोंद माझ्या वहीत केली का. केली होती. कायद्याने करावीच लागते, म्हणजे माझी फजिती पक्क्या शाईत, तारखेसकट. "मग तुमच्याकडून काही उल्लंघन नाही," साहेब खूश. अरे, माझं उल्लंघन विचारतंय कोण? सायबर तक्रारीच्या पोर्टलने पोच दिली, पुढे काही नाही. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. ऑक्शन साइट म्हणाली, व्यवहार आमच्या बाहेर झाला. प्रत्येकाने शेवटी "आणखी काही मदत करू शकतो का?" असं विचारलं. आणखी म्हणजे? आधी कुठली केलीत?

कुणी सुचवतं, तसंच विकून मोकळा हो. म्हणजे मी त्याच्याच पंगतीला बसू? विकलं तर सगळे दोष लिहूनच विकेन. लहान दाव्यांच्या कोर्टात मात्र जातोय. सगळी पत्रं, फोटो, जाणकाराचा लेखी अहवाल ठेवलाय. तुम्हीही अहवाल लेखीच घ्या, नुसत्या ऐकीव मतावर कोर्टात भिस्त ठेवू नका. आणि लायसन्सची सही केलेली प्रत अनोळखी माणसाला पाठवताना त्यावर 'फक्त या व्यवहारासाठी' असं आडवं लिहा. माझी त्याच्याकडे कोरी पडली आहे, तिचं तो काय करतोय देव जाणे.

परवा त्याची नवी जाहिरात दिसली, दुसऱ्या नावाने. टेबलावरचं कापड तेच, भाषा तीच, आजोबा आता नौदलात गेलेत. 150 मिलिमीटर नळीची नेव्ही लुगर, 'ऑल मॅचिंग', 5,200 डॉलर. कुणाला मोह होत असेल तर नळीखालच्या सांध्याचा फोटो मागा, आणि तो येईपर्यंत एक डॉलरही सोडू नका.