जुनी गाडी पुन्हा पुन्हा बिघडली तर: कंपनीचं शोरूम, डीलर की थेट मालक?

पाच-सहा लाखांची जुनी गाडी ठाण्यात किंवा नवी मुंबईत घ्यायची म्हटलं की तीन जागा समोर येतात: कार कंपनीच्या नावाखाली चालणारं सर्टिफाइड गाड्यांचं शोरूम, रस्त्याकडेचा स्वतंत्र डीलर आणि ऑनलाइन जाहिरातीतून भेटलेला थेट मालक. एकाच मॉडेलला तिघांचे भाव वेगळे. हा फरक दलालीचा आणि पॉलिशचा, असं आपण धरून चालतो. माझ्या मते त्यातला मोठा भाग हक्काची किंमत आहे. तोच बिघाड तिसऱ्यांदा आला तर कायद्याने कुणाला धरायचं, हे त्या पैशांत ठरतं.

थेट मालकापासून सुरुवात करते. गाडी इथे सर्वांत स्वस्त मिळते आणि चांगला माणूस भेटला तर तिचा इतिहासही खरा कळतो. पण 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी आणि सेवा देणाऱ्यांना लागू होतो. नेरुळच्या एखाद्या गृहस्थाने घरची गाडी विकली म्हणून तो व्यापारी ठरत नाही, त्यामुळे ग्राहक आयोगाचं दार साधारणपणे तिथेच बंद होतं. 1930 च्या माल विक्री कायद्यातली दर्जाची गृहीत हमीसुद्धा त्या वस्तूचा धंदा करणाऱ्याकडूनच मिळते. बाकीच्यांसाठी ‘घेणाऱ्याने बघून घ्यावं’ हाच नियम. मालकाने जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल तर 1872 च्या करार कायद्याचा आधार आहे, पण त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावं लागतं. त्यातही तो नुसता गप्प बसला असेल आणि साधी दक्षता घेतल्यावर दोष तुम्हाला कळू शकला असता, तर तीही वाट अडते. म्हणून अपघात झाला होता का, गाडी पाण्यात गेली होती का, इंजिन उघडलं होतं का, हे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा आणि उत्तरंही तिथेच घ्या. तोंडी ‘एकदम ओके आहे ताई’ पुढे कुठेच टिकत नाही.

स्वतंत्र डीलरचं प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचं, कारण त्याच्याकडे तुमचे हक्क पूर्ण असू शकतात किंवा जवळपास काहीच नसू शकतात. तो गाड्या विकण्याचा धंदा करतो, म्हणजे ग्राहक कायदा लागू. सदोष माल, सेवेतली त्रुटी, अनुचित व्यापारी प्रथा या तिन्ही आधारांवर तक्रार होऊ शकते. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. पण पुष्कळदा घडतं असं: गाडी आरसीवर जुन्या मालकाच्याच नावावर असते, मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या त्याच्या, पैसे मात्र डीलरकडे. महिन्याभरात गिअर अडकायला लागला की डीलर म्हणतो, आम्ही फक्त मध्यस्थ. तेव्हा तुमच्या हातात त्याच्या नावाचा एकही कागद नसेल, तर आधी तोच विक्रेता होता हे सिद्ध करण्यात महिने जातात.

यावर नियम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याकडून फॉर्म 29बी मधलं प्राधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की त्याची सूचना फॉर्म 29सी मध्ये जाते. ती नोंद झाली की त्या काळापुरता डीलरच गाडीचा मालक मानला जातो. म्हणून टोकन देण्याआधी हे दोन कागद मागा. रक्कम डीलरच्या खात्यावरच भरा, आणि बिलावर त्याचं नाव, चॅसिस नंबर आणि मीटरचं रीडिंग लिहून घ्या. ‘गाडी जशी आहे तशी घेतली’ या ओळीवर सही केली तर डोळ्यांना दिसणाऱ्या दोषांबद्दल बोलायला फारशी जागा उरत नाही. मात्र मीटर मागे फिरवला असेल किंवा मोठा अपघात लपवला असेल, तर ती ओळ डीलरला वाचवेलच असं नाही.

कंपनीच्या शोरूममध्ये हा घोळ सहसा नसतो आणि लेखी वॉरंटीही मिळते. ती मात्र नीट वाचा. बहुधा इंजिन आणि गिअरबॉक्स धरलेले असतात. क्लच प्लेट, बॅटरी, ब्रेक पॅड, टायर वगळलेले. आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पाटी कार कंपनीची असली तरी बिल डीलरशिपचं असतं, आणि डीलरशिपच्या चुकीसाठी उत्पादक आपोआप जबाबदार धरला जात नाही; सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्स विरुद्ध अँटोनियो पाउलो वाझ या 2021 च्या निकालात हेच सांगितलं. दुसरं, वॉरंटी सुटा भाग बदलून देण्याची असेल तर पूर्ण गाडी बदलून मिळेल असं धरू नका. सर्वोच्च न्यायालयाने मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा (2006) या निकालात हे सांगितलं, आणि तो तर नव्या गाडीबद्दलचा होता.

कुठूनही घ्या, वारंवार येणारा बिघाड सिद्ध होतो तो जॉब कार्डावर, म्हणजे गाडी दुरुस्तीला देताना तक्रार लिहितात त्या कागदावर. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर ‘जनरल चेकअप’ लिहून मोकळा होतो, ते चालवून घेऊ नका. ‘थंड इंजिनावर पहिला गिअर पडत नाही’ अशी तक्रार प्रत्येक वेळी त्याच शब्दांत, किलोमीटर आणि तारखेसकट लिहायला लावा. डिझेल बीएस-6 गाडीत तर हे फारच गरजेचं, कारण घोडबंदर रोडच्या कोंडीत छोट्या फेऱ्या मारून डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबतो आणि ‘तुमच्या चालवण्यामुळे झालं’ हे उत्तर तयार असतं.

घेण्याआधी स्वतःचा मेकॅनिक नेऊन ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. बहुतेक गाड्यांत ‘कोड पुसल्यापासून किती किलोमीटर’ ही नोंद दिसते. आकडा दहा-वीस असेल तर चेक इंजिनचा दिवा नुकताच घालवलेला असू शकतो, आणि त्याचं कारण विचारायलाच हवं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा: आतल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ, सीटच्या रुळांवर गंज दिसला तर गाडी पाण्यात उभी राहिली असण्याचा संशय धरा. अशा गाडीचे वायरिंगचे बिघाड वर्षभर पाठ सोडत नाहीत.

तक्रारीची वेळ आलीच तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनपासून सुरुवात करा. ती फुकट आहे, मात्र समोरच्याला आदेश देऊ शकत नाही. मग लेखी नोटीस, आणि त्यानंतर जिल्हा आयोग. दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच येतं. पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांना 200 रुपये. मुदत दोन वर्षं. दुरुस्ती, पैसे परत, नुकसानभरपाई असे आदेश तिथे मिळू शकतात. दोष तपासणीशिवाय कळणार नसेल तर आयोग गाडी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण तो खर्च आधी तक्रारदाराने भरायचा. कायद्यात तीन महिने, तपासणी असेल तर पाच, अशी मुदत लिहिली आहे. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ धरून चला.

तक्रार तुम्ही राहता तिथेही करता येते, आणि इथे पत्ता महत्त्वाचा ठरतो. वाशी, ऐरोली, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये, म्हणजे आयोग अलिबागला. खारघरच्या माणसाने ठाण्याच्या डीलरकडून गाडी घेतली असेल तर डीलरच्या पत्त्यावरून ठाण्यातच तक्रार करणं सोयीचं. अर्ज ई-जागृती पोर्टलवरूनही भरता येतो.

रोज ऑफिसला नेण्यासाठी ही घरातली एकमेव गाडी असेल, तर मी जास्त पैसे देऊन वॉरंटीवाली घेईन. मालक ओळखीचा, पहिल्या हाताची गाडी आणि सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या असतील, तर थेट खरेदीला माझी हरकत नाही. डीलरकडे मात्र एकच अट: बिल आणि फॉर्म 29बी दाखवायला तो टाळाटाळ करत असेल, तर भाव कितीही कमी असला तरी टोकन देऊ नका.