होलोग्राफिक पडदा की दोन चित्रांचा हेडसेट: डोळ्यांना काय सोपं?

‘होलो’ नाव असलं की होलोग्राम असतोच असं नाही. मायक्रोसॉफ्टचा डोक्यावर घालायचा हेडसेट होलोलेन्स २ दोन्ही डोळ्यांना वेगवेगळी चित्रं दाखवतो, पण त्याचा फोकस साधारण २ मीटरवर कायम असतो. आभासी वस्तू ४० सेंटीमीटरवर आणली की बुबुळं तिच्यासाठी आत वळतात, मात्र डोळ्यातल्या भिंगाला फोकस २ मीटरवरच ठेवावा लागतो. म्हणजे २.५ ऐवजी ०.५ डायॉप्टर (फोकसचं एकक: १ भागिले मीटरमधलं अंतर), तब्बल २ डायॉप्टरची ओढाताण. डोकं जड होणं, नजर धूसर होणं यामागे बहुधा हेच असतं. म्हणून वाचायचा मजकूर सव्वा मीटरपेक्षा जवळ ठेवू नये.

खरा होलोग्राफिक पडदा लेझरच्या प्रकाशलहरीच घडवतो, त्यामुळे वळणं आणि फोकस एकाच अंतरावर जुळतात. डोळ्यांसाठी हाच मार्ग नैसर्गिक. पण लेझरमुळे चित्रावर चमचमती रवाळ जाळी दिसते आणि बारीक अक्षरं तुटतात. एलईडी वापरला तर ती कमी होते, चित्र मात्र मऊ पडतं. शिवाय डोळ्याची बाहुली काही मिलिमीटर सरकली तरी चित्र नाहीसं होऊ शकतं.

पंचेचाळिशीनंतर भिंगच ताठर होतं. मग हा फायदाही घटतो.