रॅड५१ची सशाची पॉलिक्लोनल अँटिबॉडी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

रॅड५१ या डीएनए दुरुस्त करणाऱ्या प्रथिनाला चिकटून ते दाखवणारी ही अँटिबॉडी मी घेतली ती मुख्यतः त्याचे पेशीतले ठिपके मोजायला. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की होमोलोगस रिकॉम्बिनेशनमध्ये (डीएनएची सारखी प्रत नमुना म्हणून वापरून होणाऱ्या दुरुस्तीत) रॅड५१ प्रथिन टोकाच्या एकेरी धाग्यावर ओळीने बसत जातं आणि केंद्रकात ठळक ठिपके दिसतात. निदान दिसायला हवेत. पहिले दोन महिने मला मात्र अख्खं केंद्रकच हिरवं दिसत होतं आणि मी दोष अँटिबॉडीला देत होते.

दोष तिचा नव्हता. इजा नसतानाही बरंच रॅड५१ केंद्रकात मोकळं फिरत असतं. पेशी फिक्स (आहेत तशा पक्क्या) करण्याआधी बर्फगार बफरमध्ये ०.५ टक्के ट्रायटन हा डिटर्जंट घालून दोन मिनिटं ठेवल्या, मोकळं प्रथिन धुऊन काढलं आणि मग फिक्स करायला ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड वापरलं. रेडिएशननंतर सहा तासांनी थांबवलेल्या त्या स्लाइडवर काळोख्या केंद्रकात एकेक ठिपका सुटा, मोजता येईल असा उभा होता. त्या दिवशी मी खूप वेळ मायक्रोस्कोपवरून उठलेच नाही.

जी१ टप्प्यातल्या (डीएनएची नक्कल होण्याआधीच्या) पेशींत हे ठिपके जवळपास नसतातच, म्हणून सोबत जेमिनिन (जी१नंतरच्या पेशी ओळखून देणारं प्रथिन) रंगवा. जेमिनिनची अँटिबॉडी उंदराची घ्या, दोन्ही सशाच्या झाल्या तर दुय्यम अँटिबॉडीला (पहिलीला चिकटणाऱ्या, रंग लावलेल्या) फरक कळणार नाही. अँटिबॉडीवर माझा विश्वास बसला तो कॅपान-१ या कर्करोगाच्या पेशींमुळे. त्यांच्यात बीआरसीए२ हे रॅड५१ला डीएनएवर बसवणारं प्रथिन सदोष आहे. तिथे गॅमा-एच२एएक्सचे (डीएनए तुटल्याची खूण) ठिपके भरपूर आले, रॅड५१चे जवळजवळ शून्य. ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर दाखवणारी चाचणी) मात्र रॅड५१चा बँड, म्हणजे पट्टा, होताच. म्हणजे प्रथिन आहे, पण त्याला जागेवर नेऊन बसवणारं कोणी नाही.

ब्लॉटचं सांगायचं तर बँड ३७ किलोडाल्टन आकाराला येतो आणि जीएपीडीएच या प्रथिनाचाही तिथेच. लोडिंग कंट्रोल (सगळीकडे सारखंच प्रथिन भरलं ना ते तपासायला) म्हणून तो घेऊन मी दोन मेम्ब्रेन वाया घालवले, आता व्हिन्क्युलिन हे वेगळ्या आकाराचं प्रथिन वापरते. वर साधारण ७०ला एक जादा बँड दिसतो. एसआयआरएनए (रॅड५१ बनणं कमी करणारा आरएनए) दिल्यावर ३७चा फिका पडला, ७०चा तसाच राहिला, म्हणजे तो रॅड५१चा नाही. रॅड५१ पूर्ण काढून टाकलं तर पेशी जगत नाहीत, त्यामुळे नॉकआउटचा कंट्रोल मिळत नाही आणि एसआयआरएनएवरच भिस्त ठेवावी लागते. हा जादा बँड असल्याने, आकारानुसार वेगळं न करता नुसती एकूण चमक मोजणार असाल, तर ही घेऊ नका.

खरी तक्रार लॉटची, म्हणजे उत्पादनाच्या खेपेची. दुसरी कुपी वेगळ्या लॉटची निघाली. पहिली १:१००० इतकी पातळ करून छान चालायची, हिला १:३०० इतकी घट्ट करूनही बँड फिकाच. फोटो पाठवल्यावर कंपनीने बदलून दिली, पण तीन आठवडे गेले ते गेलेच. आता जुनी कुपी संपायच्या आत नवी मागवते आणि दोन्ही एकाच मेम्ब्रेनच्या दोन तुकड्यांवर चालवून बघते. साठवणीचा त्रास नाही, ५० टक्के ग्लिसरॉल असल्याने उणे २० अंशांनाही ती गोठत नाही.

पॅराफिनमधल्या उतींवर मी ती वापरलेली नाही.