चंदनाचे तेल, उदाचे तेल आणि बनावट अहवाल

अत्तरे जुळवण्यासाठी मी ज्या विक्रेत्याकडून चंदन, ऊद (म्हणजे अगरू) आणि ग्वायाक या लाकडांची तेले ऑनलाइन मागवली, त्याने प्रत्येक बाटलीसोबत प्रयोगशाळेचा छापील अहवाल पाठवला होता आणि जाहिरातीत 'शंभर टक्के शुद्ध, काहीही न मिसळलेले' असे ठळकपणे म्हटले होते. तेलांचा भावही शुद्ध तेलाला शोभेल असाच होता.

पहिला संशय ग्वायाकमुळे आला. या लाकडाचे खरे तेल साध्या तापमानाला गोठून मेणासारखा घट्ट गोळा होते आणि बाटली कोमट पाण्यात ठेवल्याखेरीज ते बाहेर येत नाही. माझ्या हाती आलेले तेल मात्र बाटली तिरकी करताच पाण्यासारखे वाहू लागले. विचारणा केल्यावर 'ग्राहकांना वापरायला सोपे जावे म्हणून थोडे पातळ केले आहे' असे उत्तर मिळाले. शुद्धतेचे पैसे घेताना हा 'थोडेपणा' कुठेही नमूद केलेला नव्हता.

मग अहवाल नीट वाचले. चंदनाच्या अहवालात अल्फा-सँटलॉल आणि बीटा-सँटलॉल या चंदनगंधाच्या मुख्य घटकांचे प्रमाण चंदनतेलासाठीच्या आयएसओ 3518 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या मर्यादेत, म्हणजे अनुक्रमे 41 ते 55 आणि 16 ते 24 टक्क्यांच्या दरम्यान, अगदी व्यवस्थित बसत होते. पण त्यावरचा लॉट क्रमांक, म्हणजे एका वेळी काढलेल्या मालाचा क्रमांक, बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. उदाच्या अहवालावर तर लॉट क्रमांकच नव्हता. अ‍ॅक्विलारिया वृक्षाच्या बुरशी लागलेल्या, राळ साठलेल्या लाकडातून हे तेल काढतात. अ‍ॅक्विलारियाच्या सर्व जाती आणि ग्वायाकचे लाकूड साइट्स या धोक्यातील वन्य जीव-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने परदेशातून आणलेल्या मालाला निर्यात परवाना लागतो. त्याची प्रत मागताच विक्रेत्याने उत्तरे देणे बंद केले.

शेवटी चंदनतेलाचा नमुना मी स्वतंत्र प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीसाठी, म्हणजे घटक वेगळे करून आलेखावर शिखरांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीसाठी, दिला. आलेखात सँटलॉलची शिखरे खुजी होती आणि त्यांच्या आधी डायप्रोपिलीन ग्लायकॉलची, म्हणजे डीपीजीची, एकमेकांना चिकटलेली उंच शिखरे उभी होती. डीपीजी हे अत्तरव्यवसायात नेहमी वापरले जाणारे जवळजवळ गंधहीन द्रावक आहे. ते वापरण्यात गैर काही नाही, ते लपवून तेलाच्या भावाने विकण्यात आहे. प्रयोगशाळेपर्यंत जाणे शक्य नसेल, तर मोजून घेतलेले थोडे तेल अरुंद नळीत पाण्यासोबत हलवून स्थिर होऊ द्यावे. डीपीजी पाण्यात विरघळते, त्यामुळे वरचा तेलाचा थर मूळ मापापेक्षा स्पष्टपणे कमी भरतो. इतर तेलांची भेसळ मात्र या चाचणीत सापडत नाही. अ‍ॅमिरिसचे तेल 'वेस्ट इंडियन चंदन' या नावाने विकले जाते, पण त्या झाडाचा चंदनाशी काहीही संबंध नाही.

कागदी पट्टीवर वास बराच काळ टिकला म्हणून तेल खरे, असेही मानू नये. जॅवानॉलसारखे कृत्रिम चंदनगंध अत्यल्प प्रमाणातही दीर्घकाळ दरवळतात.

आलेख आणि दोन्ही लॉट क्रमांकांची छायाचित्रे जोडून मी पैसे भरण्याच्या सेवेकडे तक्रार केली. चंदनतेलाची रक्कम परत मिळाली. उदाची चाचणी मी करून घेतली नव्हती, त्यामुळे ती मागणी पुराव्याअभावी फेटाळण्यात आली आणि ती बाटली अजून माझ्याकडेच आहे.