न्यू जर्सीचं मेडिकल मारिजुआना कार्ड आणि परराज्यांतला प्रवास: नऊ महिन्यांचा अनुभव

केमो संपली, पण तळपायांची आग राहिली. रात्री चादरीचा स्पर्शही सहन होईना, तेव्हा डॉक्टरांनीच कार्ड, म्हणजे औषध म्हणून गांजा घ्यायचा राज्याचा परवाना, काढायला सुचवलं. झोपण्यापूर्वी अर्धी गमी (गांजाचा अर्क घातलेली चघळायची गोळी) घेते आणि चार-पाच तास सलग झोप लागते. घरी असताना काही अडचण नाही. प्रश्न उभा राहतो तो घर सोडल्यावर.

बहीण फिलाडेल्फियाला राहते, गाडीने दीड तास. ते पेनसिल्व्हेनिया राज्यात येतं, तिथेही मेडिकल कॅनबिस, म्हणजे औषधी गांजा, कायदेशीर आहे, पण आमचं कार्ड तिथे चालत नाही आणि इथून सोबत नेणं हा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कायद्याखालचा, गुन्हा. दोन्ही राज्यांत परवानगी असली तरी हद्द ओलांडता येत नाही. दोन राज्यांमधल्या डेलावेअर नदीच्या अलीकडे मी रुग्ण, पलीकडे गुन्हेगार! याचा मला अजूनही राग येतो. बहिणीकडे आता मी मुक्काम करत नाही, संध्याकाळीच परतते.

वॉशिंग्टन डीसीत उलट अनुभव. न्यू जर्सीचं कार्ड आणि लायसन्स दाखवलं, दहा मिनिटांत खरेदीचं काम झालं. मात्र नॅशनल मॉलसारखी (हे दुकानांचं मॉल नव्हे, स्मारकांमधलं मोठं मैदान) फेडरल जागा असेल तिथे पर्समध्येसुद्धा ठेवू नका. उरलेलं घरी आणता येत नाही, म्हणून सगळ्यात लहान पाकीट घ्या.

हवाईला जायचं तर तिथल्या तात्पुरत्या परवान्यासाठी आधी ऑनलाइन अर्ज. मी गेले तेव्हा फी ४९.५० डॉलर आणि मुदत ६० दिवस होती. माझा अर्ज परत आला, कारण लायसन्सवर मधलं नाव म्हणून नवऱ्याचं नाव होतं, कार्डावर नव्हतं. आपल्याकडच्या बायकांनी हे आधीच तपासावं. दुरुस्तीत अकरा दिवस गेले. आणखी एक: तिथे एका बेटावर घेतलेलं दुसऱ्या बेटावर विमानाने नेता येत नाही, कारण विमान म्हटलं की पुन्हा फेडरल कायदा. माउईहून निघताना निम्मं पाकीट टाकून द्यावं लागलं. पुढच्या दोन रात्री जागून काढल्या.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मी अमेरिकन नागरिक आहे. तुम्ही एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असाल, तर कार्ड काढण्याआधीच इमिग्रेशन वकिलाला विचारा. राज्याने दिलेली परवानगी फेडरल अधिकाऱ्यासमोर उपयोगी पडत नाही. नुसतं सेवन कबूल केल्यानेही अर्ज अडकू शकतो.

फेब्रुवारीत भाच्याच्या लग्नाला पुण्याला गेले. भारतात अमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे, तिथे या कार्डाला काहीच अर्थ नाही. डॉक्टरांकडून त्या तीन आठवड्यांसाठी नसांच्या दुखण्याची दुसरी गोळी लिहून घेतली. निघण्याच्या आदल्या रात्री पर्स पलंगावर पालथी केली, तर चोरकप्प्यात एक गमी निघाली, अस्तराला चिकटून बसलेली. ती काढली, कप्पा ओल्या फडक्याने पुसला, आणि तरीही ती पर्स घरीच ठेवून दुसरी नेली.