रंगाचं कौतुक करून गळ्यात मारलेला हिरा

हिरा दाखवणारा माणूस बसल्या बसल्या रंगावर येतो आणि उठेपर्यंत रंगावरच बोलत राहतो, तेव्हा सावध व्हा. कटबद्दल, म्हणजे पैलू कोणत्या कोनांत आणि किती खोल पाडले आहेत याबद्दल, सरळ विचारलं तरी तो फिरून रंगाकडेच येत असेल, तर त्या कटमध्ये काहीतरी दडवलेलं असतं. आमच्या बाबतीत नेमकं हेच झालं. लग्नसराईत अनेक घरांतून अंगठीची खरेदी होते, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मुलाचा साखरपुडा ठरला होता. होणाऱ्या सुनेसाठी पिवळ्या सोन्यात गोल सॉलिटेअर, सत्तर सेंटच्या (म्हणजे ०.७० कॅरेटच्या) आसपासचा, एवढं घरात पक्कं झालं होतं. गेलो दक्षिण मुंबईतल्या एका पेढीत. तक्रार चालू आहे, त्यामुळे नाव लिहीत नाही.

विक्रेत्याने पांढऱ्या कागदाची घडी केली आणि त्या खाचेत दोन हिरे पालथे ठेवले, टोक वर आणि तोंड खाली. "बघा काकू, हा जरा पिवळा मारतो ना? हा एच. आणि हा ई. ईच्या वर फक्त डी." हिऱ्याचा रंग अक्षरांत सांगतात, डी म्हणजे अगदी रंगहीन, आणि पुढच्या अक्षरांत पिवळेपणा वाढत जातो. फरक दिसत होता, नाही म्हणायला जागाच नव्हती. रंग बघायची ही पद्धत खोटीही नाही. लॅबमध्येही हिरा असाच पालथा ठेवून, नमुन्याच्या हिऱ्यांशी ताडून रंग ठरवतात, कारण त्या बाजूने चमक आड येत नाही आणि रंग उघडा पडतो. पण अंगठीत हिरा पालथा बसवत नाहीत! तोंड वर केल्यावर एच आणि ईमधला फरक सामान्य डोळ्याला सहसा कळत नाही, आणि पिवळ्या सोन्यात तर सोन्याचीच छटा हिऱ्यात उतरते. ते दोन हिरे त्याने शेजारी शेजारी सुलटे करून एकदाही दाखवले नाहीत.

मी विचारलं, "कट कसा आहे?" उत्तर आलं, "ट्रिपल एक्सलंट, काकू. आणि कलर बघा ना, ई कलर या भावात मिळत नाही." लॅबचा मूळ रिपोर्ट लॉकरमध्ये आहे, नंतर घरपोच पाठवू, असं सांगून अंगठीबरोबर पेढीचं स्वतःचं प्लास्टिकचं कार्ड दिलं. त्यावर वजन, रंग, क्लॅरिटी (हिरा आतून किती स्वच्छ आहे ते), आणि शेवटी "फिनिश: एक्सलंट, एक्सलंट". अंगठीवर हॉलमार्क होता, एचयूआयडी म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांकही होता. तो सोन्याच्या शुद्धतेपुरता असतो, हिऱ्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

पेढीतल्या स्पॉटलाइटखाली हिरा लखलखत होता. त्या दिव्यांखाली कोणताही हिरा लखलखतो. घरी ट्यूबलाइटखाली, खिडकीजवळच्या साध्या उजेडात मधोमध काळपट दिसू लागला. सूनबाई काही बोलली नाही, पण तिच्या आईने विचारलं, "धूळ बसली आहे का?"

बहिणीचा मुलगा बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात), भारत डायमंड बोर्स या हिरेबाजारात असॉर्टिंगचं, म्हणजे हिरे प्रतवारीने निवडण्याचं, काम करतो. त्याला अंगठी दाखवली. त्याने भिंगातून हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला नंबर वाचला आणि जीआयए या हिरे तपासणाऱ्या लॅबच्या वेबसाइटवर टाकला. रिपोर्ट समोर आला. रंग ई, खरा. पॉलिश एक्सलंट, सिमेट्री एक्सलंट, तेही खरं. कट मात्र गुड.

एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर ही उतरंड आहे, म्हणजे आमचा तिसऱ्या पायरीवर. पॉलिश म्हणजे पृष्ठभाग किती नितळ आहे, सिमेट्री म्हणजे पैलू एकमेकांशी किती जुळतात. हिऱ्याचे कोन आणि खोली बरोबर आहेत का, हे कट सांगतो. तिन्ही एक्सलंट असतील तरच ट्रिपल एक्सलंट. कार्डावर "फिनिश" लिहून पेढीने दोन खऱ्या गोष्टी पुढे केल्या आणि तिसरी गाळली. तोंडी मात्र तिन्ही सांगितल्या.

भाच्याने मोजायचा गेज लावला. व्यास ५.५ मिलिमीटर. "मावशी, सत्तर सेंटचा नीट कट केलेला हिरा ५.७ च्या आसपास भरतो. तुझा हिरा वरून बासष्ट-त्रेसष्ट सेंटचा दिसतोय." बाकीचं वजन कुठे गेलं? रिपोर्टवरच्या आकृतीत खोली ६५.३ टक्के होती, आणि कड जाड. चांगल्या गोल हिऱ्यात खोली साधारण ५९ ते ६२.५ टक्क्यांत असते. सत्तर सेंटला कॅरेटच्या भावाची पायरी बदलते, त्यामुळे काही वेळा कारागीर कोन बिघडवतो पण वजन उतरू देत नाही. वजन पोटात आणि कडेत साठतं. वरून शिरलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून डोळ्यांकडे परत यायला हवा. पोट फार खोल असेल तर तो भलतीकडेच निसटतो आणि हिरा मधोमध काळा दिसतो. योग्य कोनांचं गणित हिरे घडवणाऱ्या घराण्यातल्या मार्सेल टॉल्कोव्स्की यांनी १९१९ मध्येच मांडलं होतं, त्यामुळे हे कोणालाच ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

मग भाच्याने त्याच वजनाचा, एच रंगाचा, एक्सलंट कटचा हिरा आणून आमच्या अंगठीशेजारी ठेवला, खिडकीतल्या उजेडात. तो मोठा दिसत होता आणि कडेपर्यंत जिवंत होता. बाजारभाव आमच्यापेक्षा कमी. मला सगळ्यात राग याचा येतो. ज्या अक्षरासाठी आम्ही जास्त पैसे मोजले ते बोटावर दिसत नाही, आणि जे दिसतं त्यातच खोट आहे.

पेढीत परत गेल्यावर भाषा बदलली. "बिलावर कट लिहिलाय का?" बिलावर लिहिला नव्हता, आणि तो मुद्दाम लिहिला नव्हता, हे आता माझं ठाम मत आहे. बदलून देऊ म्हणाले, पण घट कापून. घडणावळ आणि जीएसटी बुडीत.

हिरा घेताना मूळ रिपोर्ट हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. रिपोर्ट नंबर तिथेच, आपल्याच मोबाइलवर लॅबच्या वेबसाइटवर टाका, आणि कडेवरचा नंबर भिंगातून स्वतः वाचा. व्यास मिलिमीटरमध्ये विचारा. हिरा दिव्यांपासून दूर, दुकानाच्या दाराशी नेऊन बघा. प्रामाणिक विक्रेता सोबत माणूस देतो. बिलावर वजन, रंग, क्लॅरिटी यांच्याबरोबर "कट" हा शब्द आणि त्यापुढची ग्रेड लिहून घ्या. जीआयए २००६ पासून कटची ग्रेड देते ती गोल हिऱ्याला. ओव्हल (लंबगोल) किंवा पेअर (थेंबाच्या आकाराच्या) हिऱ्याला कोणी "जीआयए कट एक्सलंट" म्हणालं, तर तो पॉलिश-सिमेट्रीच सांगतो आहे. पिवळ्या सोन्यात बसवणार असाल तर जी-एचवर निःशंक थांबा आणि वाचलेले पैसे कटला द्या.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या नंबरवर, तक्रार नोंदवली आहे. सोबत बिल, पेढीचं कार्ड आणि रिपोर्टची प्रत जोडली आहे. पेढीचं उत्तर अजून आलेलं नाही. तुमच्याकडेही अशा कार्डावर फक्त "फिनिश" लिहिलेलं असेल, तर आजच कडेवरचा नंबर वाचून घ्या, आणि कट वेगळा निघाला तर कार्ड परत करू नका.