पाईप बदलल्यावर ब्रेक पोकळ झालेला, होटगी रोडच्या चाचांनी मूळ शोधून दिलं

गाडी वॅगन आर, २०१२ ची, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली. मोठ्या भावाकडं रत्नागिरीला होती सात वर्षं, तिथल्या खाऱ्या हवेनं खालचे ब्रेक पाईप गंजून गेलेले, आणि सोलापूरला आल्यावर एक दिवस पार्किंगमधे डाव्या मागच्या चाकाजवळ तेलाचा डाग दिसला. बघितलं तर ब्रेक ऑईल. घराजवळच्या एका गॅरेजमधे नेली (नाव लिहीत नाही), त्यांनी मागचे दोन्ही लोखंडी पाईप नवीन टाकले, पाईपातली हवा काढली, आणि गाडी हातात दिली. खरा त्रास तिथून सुरू झाला.

पेडल दाबलं की पाय मऊ उशीवर ठेवल्यासारखा खाली जायचा. ब्रेक लागायचा पण अर्ध्याच्या खाली गेल्यावर, आणि पटकन दोनदा पंप केलं की पेडल वर यायचं. परत नेली तर म्हणाले, नवीन पाईप आहेत, दोन-चार दिवस चालवा, आपोआप सेट होईल. हे वाक्य कुणी तुम्हाला सांगितलं तर ऐकून घेऊ नका. मी ऐकलं, आणि दुसऱ्याच दिवशी सात रस्त्यावर पुढची रिक्षा अचानक थांबली तेव्हा पहिल्या दाबात गाडी थांबलीच नाही, दुसऱ्यांदा दाबल्यावर जेमतेम हातभर अंतरावर थांबली. मागं बायको आणि पोरगी बसलेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. तिसऱ्यांदा नेली तर परत हवा काढली, एक दिवस बरं वाटलं, परत तेच, आणि मग म्हणाले मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ऑईल चाकांकडं ढकलतो तो) गेलाय, साडेतीन हजार लागतील.

आमच्या शेजारचे काका एसटीत मेकॅनिक होते, त्यांनी सांगितलं की बाबा पैसे देऊ नको, आधी होटगी रोडला चाचांना दाखव. आसरा चौक ओलांडून विमानतळाकडं निघालं की डाव्या हाताला पत्र्याचं शेड आहे, बोर्डावर नाव नाहीच, नुसतं ब्रेक क्लच वर्क एवढंच लिहिलंय, बाहेर जुन्या ड्रमची चळत लावलेली असते. गाडी तिथपर्यंत दुसऱ्या गियरमधे, वीसच्या स्पीडनं, सकाळी सातला रस्ता रिकामा असताना नेली. तुमचं पेडल असं असेल तर टोइंग करून न्या, मी केलं ते करू नका.

चाचांनी पाना हातात घ्यायच्या आधी विचारलं, काय काय बदललंय, कुणी बदललं, रिझर्व्हायर, म्हणजे ब्रेक ऑईलचा डबा, मधल्या काळात कधी रिकामा झाला होता का. मग स्वतः सीटवर बसले, इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल मारलं म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणारा भाग) व्हॅक्यूम संपला, आणि मग एका दाबात अर्धा मिनिट धरून बसले. पेडल मऊ होतं पण धरल्यावर हळूहळू खाली सरकत नव्हतं. म्हणाले, "मास्टरचे रबर गेले असते तर हे असं धरल्यावर बुडत गेलं असतं ओ. हे बुडत नाही, नुसतं पोकळ लागतंय. हवा हाय, नायतर मागचे लायनर ढिले हायत." लायनर म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे.

मग त्यांनी गोल तोंडाचे क्लॅम्प काढले, त्यावर रबर लावलेलं, आणि चाकांजवळच्या रबरी होजना (नळ्यांना) एकेक करून लावले, म्हणजे ऑईल पुढं चाकाकडं जात नाही. सगळे लावल्यावर मला पेडल दाबायला सांगितलं. दगडासारखं कडक. म्हणजे मास्टर सिलेंडर ठीक होता, माझे साडेतीन हजार तिथंच वाचले. मग एकेक क्लॅम्प सोडत गेले. पुढचे दोन्ही सोडले, पेडल कडकच. मागचा उजवा सोडला, थोडं खाली गेलं. मागचा डावा सोडला आणि भस्सकन पाय खाली. मी इतक्या गॅरेजमधे गेलोय, कुणी मला गाडीत बसवून दोष कुठं आहे हे माझ्याच पायाला असं दाखवलं नव्हतं.

आता खाली काय सापडलं ते. नवीन पाईप जरा लांब कापला गेला होता आणि जास्तीचा भाग मागच्या ॲक्सलच्या वर कमानीसारखा वाकवून बसवलेला. हवा नेहमी वरच्या जागी जाऊन बसते, त्यामुळं पायानं पंप करून हवा काढताना ऑईल खालून निघून जायचं आणि बुडबुडा त्या कमानीत तसाच अडकून राहायचा. दुसरं, होजला जिथं पाईप जोडतो तिथं पाईपाच्या तोंडाचं फ्लेअर, म्हणजे फाकवलेली कड. चाचांनी नट सोडून पाईपचं तोंड टॉर्चखाली धरलं, धार पातळ, एकदाच फाकवलेली, एका बाजूला केसाएवढी चीर. मग शेजारी स्वतः केलेला नमुना धरला, त्यात धार आत दुमडलेली, दुहेरी, बोटाला गोल लागणारी. ब्रेकच्या पाईपाला डबल फ्लेअरच लागतं, हे मला तिथं कळलं. चिरेभोवती ऑईलची बारीक ओल होती, जमिनीवर ठिबकत नव्हतं म्हणून कुणाला दिसलं नव्हतं.

पाईप कापून परत डबल फ्लेअर केलं, कमान सरळ करून पाईप क्लिपमधे बसवला. त्यांच्याकडं कोटिंगवाला स्टीलचाच पाईप असतो, साधा तांब्याचा टाकत नाहीत, कारण तो वाकवायला सोपा पण सततच्या थरथरीनं कडक होऊन तडकतो. मग मागचे दोन्ही ड्रम उघडले. लायनर चांगले होते पण ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर ठरवतो तो) इतका मागं गेलेला की लायनर ड्रमला टेकायला व्हील सिलेंडरला (चाकातला, लायनर ढकलणारा) बराच वेळ लागायचा, म्हणून उजवीकडंही पेडल थोडं खाली जात होतं. ते सेट केलं, हँडब्रेक आधी नऊ टिक यायचा तो पाचवर आला.

हवा काढायची पद्धत मी जवळ उभं राहून बघितली. त्यांच्याकडच्या पोराला सीटवर बसवलं आणि पेडलच्या खाली लाकडाचा ठोकळा ठेवला. मी विचारलं कशाला, तर म्हणाले जुन्या मास्टरमधे पेडल रोज जिथवर जातं तिथवरच आतून गुळगुळीत असतं, पुढच्या भागात गंज-घाण बसलेली असते, हवा काढताना पेडल पार तळाला नेलं की रबरची कड तिथं घासून फाटते, आणि मग चांगला मास्टर त्याच दिवशी जातो. इतकी साधी गोष्ट, आणि आधीच्या ठिकाणी दोन्ही वेळा पेडल धडाधड तळाला मारलेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

निपलला (चाकाजवळची हवा काढायची छोटी तोटी) पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत थोड्या ऑईलमधे बुडवलेलं. आपल्याकडं स्टिअरिंग उजवीकडं, मास्टरही त्याच बाजूला, म्हणून सगळ्यात लांब डावं मागचं चाक, तिथून सुरुवात, मग उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. काही गाड्यांना कंपनीचा क्रम वेगळा असतो, ते मॅन्युअलमधे बघायचं असं त्यांनीच सांगितलं. "दाब... धर..." की निपल पाव फेरा उघडायचा, बंद करायचा, आणि मगच "सोड". निपल बंद व्हायच्या आधी पेडल सोडलं तर हवा परत आत ओढली जाते. डाव्या मागच्याला पहिले आठ-दहा दाब सोड्यासारखा फेस आला, मग चाचांनी पाईपावर पान्याच्या दांड्यानं हळू टकटक केली आणि एकदम हरभऱ्याएवढा एक बुडबुडा नळीतून सरकत गेला, मागोमाग मोहरीएवढे तीन-चार, आणि मग स्वच्छ ऑईल. तो मोठा बुडबुडाच माझ्या पायाखाली होता इतके दिवस. मधेमधे एक जण रिझर्व्हायर भरत होता, तो खाली गेला तर परत पहिल्यापासून.

ऑईल माझ्यासमोर सीलबंद डबा फोडून घातलं, रिझर्व्हायरच्या झाकणावर लिहिल्याप्रमाणं डॉट ३ (ब्रेक ऑईलचा एक दर्जा). उघडा राहिलेला डबा वापरत नाहीत, कारण हे ऑईल हवेतली ओल पिऊन घेतं. डॉट ३ ला कोरडं असताना किमान २०५ अंशाला उकळायची अट आहे, ओल पिल्यावर तीच १४०, आणि घाटात ब्रेक तापले की हीच ओल उकळून वाफ होते आणि पेडल परत पोकळ. रंगावर एक थेंब पडला तर लगेच पाणी मारलं, नाहीतर रंग सोलतो.

शेवटी इंजिन चालू केल्यावर पाय ठेवलेला असताना पेडल थोडं खाली गेलं, मला धस्स झालं, पण ते बूस्टरचं काम आहे, तसं जायलाच पाहिजे. मग आधी शेडसमोर चालत्या माणसाच्या स्पीडनं, मग रस्त्यावर ट्रायल, परत आल्यावर प्रत्येक जोडाला पेपरचा तुकडा पुसून बघितला.

मजुरी ९००, ऑईल आणि किरकोळ सामान मिळून ४००. सगळे तेराशे, दोन तासात. सामानाचं बिल मागितल्यावर दिलं.

आता जे आवडलं नाही तेही. बसायला जागा नाही, पत्र्याखाली एप्रिलमधे दुपारी थांबणं अशक्य, सोबत म्हातारी माणसं किंवा लेकरं असतील तर घरीच ठेवून जा. दिवसात दोन-तीनच गाड्या घेतात, नऊच्या आत गेलात तर नंबर लागतो, शुक्रवारी दुपारी नमाजसाठी बंद. फोन उचलत नाहीत. आणि एबीएसवाल्या गाडीत मॉड्यूलमधे हवा गेली असेल तर स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो, तो त्यांच्याकडं नाही, सरळ सांगतात की शोरूमला न्या. मला हे सरळ सांगणंच जास्त भावलं.

त्यानंतर रविवारी घरच्यांना घेऊन तुळजापूरला जाऊन आलो, घाट उतरताना दुसऱ्या गियरला ठेवली, ब्रेक पहिल्या दाबात, वरच्या वर. चाचांनी शंभर किलोमीटर झाल्यावर परत दाखवायला सांगितलं होतं म्हणून सोमवारी गेलो. पाट टाकून खाली गेले, चारी जोड परत पुसले आणि पेपरचे चार कोरडे तुकडे माझ्या हातात दिले. पैसे घेतले नाहीत.